मिशीवरचा हात

फार फार वर्षांपूर्वी, आता नकाशातही सापडणार नाही अशा एका राज्यात एक नक्षीगार राहत होता. त्याच्याकडे एक अजब चाक होतं. त्याची कड लाटांसारखी वरखाली होती. चाकावर चांदीची तबकडी बसवायची, बायकोने मूठ धरून चाक फिरवायचं आणि नवऱ्याने तबकडीवर छिन्नी टेकवायची. केसाएवढी बारीक नागमोडी रेघ उमटायची, मग तिला लागून दुसरी, मग तिसरी. तबकडी उन्हात धरली की काय सांगू, चांदी चक्क हलायला लागायची!

राजकन्येच्या लग्नासाठी राजाने दोन डब्या सांगितल्या. पहिलीचं झाकण उन्हात चमकलं आणि अख्खा दरबार उठून उभा राहिला.

"कोणाचा हात हा?" राजाने विचारलं.

"माझा, महाराज!" नक्षीगाराने मिशीला पीळ दिला. बायको शेजारीच उभी होती.

"उद्या पाठवणीआधी हिची जोड हवी. जमली नाही, तर तुझं चाक आमच्या कोठीत जमा."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचाच हात ना? मग होऊ द्या." सकाळी ती सरळ जात्यावर जाऊन बसली.

नक्षीगाराने चाक फिरवायला पहिलवान बोलावला. पहिलवानाने दंड थोपटले आणि असं चाक फिरवलं, की छिन्नी उडून आढ्याला लागली. "अरे, सावकाश!" म्हटलं, तर गडी मध्येच थांबला आणि चांदीत खड्डा पडला. नक्षी कसली, बैलगाडीची चाकोरी झाली!

बाहेर सनई सुरू झाली. आता एकच तबकडी उरली होती. 

तेवढ्यात आतून जात्याची घरघर ऐकू आली. जातं घाई न करता, कुठेही न अडखळता, एका लयीत फिरत होतं. आपली छिन्नी इतकी वर्षं याच लयीवर चालली, हे त्याला तेव्हा कळलं. तो धावत आत गेला.

"चुकलो गं मी! चल, आपलं चाक जाईल!"

"पिठाचे हात तरी धुऊ द्या," असं म्हणत तीही धावतच उठली.

आणि काय फिरलं ते चाक! रेघेला रेघ बिलगत गेली. राजकन्येची पालखी उचलणार, इतक्यात दोघं धापा टाकत पोचले. राजाने दोन्ही झाकणं उन्हात धरली. दोन्हींवर ऊन सारखंच नाचलं!

"आता सांग, कोणाचा हात?"

"चार हात, महाराज. दोन माझे, दोन हिचे."

"तीनच," बायको म्हणाली. "ह्यांचा एक मिशीवर असतो."

रडणारी राजकन्यासुद्धा खळखळून हसली. चाक घरीच राहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक डबीच्या तळाशी दोघांची खूण उमटू लागली, आणि तीही आधी बायकोची.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, आपलं कौतुक झालं, की आपल्यासाठी चाक फिरवणाऱ्याचं नाव आधी घ्यावं.