माइक आणि साड्यांचे कपाट

माणसांची पाठ वळली की वस्तू बोलू लागत, त्या काळातली गोष्ट. शाल्मली गायिकेने घरीच गाणी ध्वनिमुद्रित करायला माइक आणला आणि साड्यांच्या कपाटात ठेवला, कारण साड्यांमध्ये आवाज घुमत नाही.

"शी, डांबरगोळ्यांचा वास! मला दिवाणखानाच हवा," म्हणत माइक रुसून बंद पडला.

कपाटात तो चालेना, म्हणून शाल्मलीने त्याला दिवाणखान्यात नेले. तिथे गाणे भिंतीभिंतींतून घुमले, वर कुकरच्या शिट्ट्याही त्यात शिरल्या. "उद्या दुकानात परत," वैतागून ती म्हणाली आणि रिकामे खोके आणायला गेली.

माइकची घाबरगुंडी उडाली. त्याने आतल्या खोलीतल्या कपाटाला हाक मारली. "कपाटराव, जरा दार उघडा ना. साड्या दिसल्या तर ती मला पुन्हा तिथेच ठेवील."

कपाट कुरकुरत उघडले. "वास येईल हं, साहेब."

"येऊ द्या. मला कुठे नाक आहे?"