विसाव्यावरची येसाक्का

मंडळी, एक विचारू? अनोळखी घाटात धुकं उतरलं, पायाखालची वाट दिसेनाशी झाली, तर तुम्ही कुणाचा हात धराल? वाट तोंडपाठ असल्याचं सांगणाऱ्याचा, की त्याच वाटेवर एकदा हरवून परत आलेल्याचा? मी मिठाचा व्यापारी, जन्म माणसं पारखण्यात गेला. मी दुसऱ्याचा धरीन. का, ते ऐका.

फार फार वर्षांपूर्वी निसणीच्या घाटाला गाडीवाट नव्हती. कोकणातलं मीठ माणसांच्या डोक्यावरून वर यायचं. घाट संपतो तिथे, टेकणवाडीच्या वेशीबाहेर, छातीइतक्या उंचीचा दगडी ओटा होता. त्याला विसावा म्हणत. डोक्यावरचं ओझं त्यावर सरकवायचं आणि शेजारच्या लांबट शिळेवर बसून दम घ्यायचा. ओझं पुन्हा डोक्यावर चढवायला मात्र दुसरं माणूस लागतं. "हात लावता का?" असं कुणीही कुणालाही म्हणावं आणि समोरच्यानं जात-गाव न विचारता हात लावावा, ही त्या घाटाची रीत.

टेकणवाडीत येसाक्का राहायची. मीठ वाहणारी, अंगानं काटक, हसायला मोकळी. एका वर्षी तिला कसलंसं झालं. ताप नाही, खोकला नाही. नवरा भला, गाय दुभती, पोरं धडधाकट. पण सकाळी चूल पेटवायलाही तिचा हात उचलेना. भाकरी मातीसारखी लागे. देवऋषी झाला, लिंबं उतरवून झाली. सासू म्हणाली, "काय कमी आहे गं तुला? आम्हाला तर असं बसायलासुद्धा फुरसत नव्हती." काय कमी आहे हे येसाक्कालाही कळेना, आणि कळत नाही याचीच तिला लाज वाटे. एक दिवस ती विसाव्यावर दरीकडे तोंड करून बसली, ती उठेचना.

तेवढ्यात एक म्हातारी कासारीण घाट चढून आली. बांगड्यांचं ओझं तिनं उतरवलं आणि शेजारी टेकली.

"मलाही झालं होतं बाई असं," ती म्हणाली. "बोल, नाहीतर नको बोलू. मी बसलेय."

तिचा त्या दिवशीचा बाजार बुडाला, पण ती बसली. पुढच्या फेरीलाही बसली. हळूहळू येसाक्काची वाचा फुटली, मग भूक परतली, मग हसू.

तेव्हापासून मीठ वाहून झालं की येसाक्का विसाव्यावर बसू लागली. तिचं तोंड वाटेकडे असायचं. ज्याचं मन बुडालंय त्यानं दरीकडे तोंड करून बसावं, की ती उठून त्याच्या शेजारी जाणार, हे सगळ्या घाटाला ठाऊक झालं. उपदेश नाही, अंगारा नाही. "मलाही झालं होतं," एवढंच ती सांगे आणि ऐकत राही. कुणी फारच खोल गेलेला दिसला तर एकट्याला सोडत नसे. बरा झालेला कुणीतरी सोबतीला देऊन त्याला घरापर्यंत पोचवी.

आमच्या धंद्यातला एक गणशेट होता, मोठा तालेवार. तो एकदा देशावरून बैल घेऊन मीठ न्यायला आला, दरीकडे तोंड करून बसला आणि वर म्हणाला, "आक्का, मी काही बसलो नाही हं. बैल दमलाय माझा."

"बरं," येसाक्का म्हणाली. "मग बैलाला बोलू दे. मी ऐकते."

गणशेट आधी हसला, आणि मग पागोट्याच्या सोग्यात तोंड खुपसून असा रडला, की बैलानंही चरणं थांबवलं, असं म्हणतात.

असंही म्हणतात, की ती बसली की ती शिळा पौषातल्या थंडीतसुद्धा उबदार असे. खालून वर येणारं धुकं तिच्यापाशी थबके. तिनं हात लावून चढवलेलं ओझं पुढचं गाव येईपर्यंत टोपलीभर पिसांसारखं वाटे.

ती मात्र सगळ्यांना बजावून सांगे, "हे दुखणं परत येतं बरं का. आलं तर लाजू नकोस, येऊन सांग." लोक मान डोलवत. तिचं परत आलं तर तिनं कुणाला सांगायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि ते परत आलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी येसाक्का विसाव्यावर दरीकडे तोंड करून बसली. सगळ्यांनी पाहिलं. पण ती जागाच तिची; आक्का आपल्या कामावर बसलीय, असं जो तो समजला. "काय आक्का, आज दरी राखतेस का?" असं म्हणत कुंभार पुढे गेला. मीठ वाहणारी हौसा तर तिच्या पाठीमागे बसली. जावेचा जाच, नवऱ्याचं दारूचं वेड, सगळं तिच्या पाठीला सांगितलं. येसाक्का "हं" म्हणाली. हौसाला बरं वाटलं. "तुझ्यामुळे जगतो गं आम्ही," असं म्हणून ती ओझं घेऊन निघाली. ते ओझंही येसाक्कानंच चढवून दिलं.

दिवस कलला तेव्हा शिळेवर ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची तिची चुंबळ होती, येसाक्का नव्हती.

गावानं दरी पालथी घातली. पदराचा धागा मिळाला नाही, की वहाणेची खूण मिळाली नाही. धुक्यानं तिला उचलून नेलं, असं म्हणतात. कोकणातून येणारे सांगत, की अवघड चढावर कुणीतरी बाई ओझ्याला हात लावते आणि वळून पाहावं तर वाट रिकामी. असेलही. ते खरं असावं, असं आम्हाला वाटतं. हौसा मात्र म्हातारी होईपर्यंत एकच म्हणायची, "मी तिचं तोंड पाहिलं नाही गं. उठून पुढे जाऊन पाहिलं असतं, तर?"

घाटात आता डांबरी रस्ता आहे, पण बाजारच्या दिवशी विसाव्यावर आजही कुणीतरी बसतं. ज्याला स्वतःला हे दुखणं होऊन गेलंय, असंच माणूस. त्यानं बसण्याआधी वाटेनं जाणाऱ्या पहिल्या माणसानं त्याच्या समोर जाऊन, तोंडाकडे पाहून विचारायचं, "येसाक्काची आण, तुझं कसं आहे?" पहिल्यांदा दिलेलं "बरं आहे" मोजत नाहीत. पुन्हा विचारतात. बरं नसेल तर विचारणाऱ्यानंच त्याच्या शेजारी बसायचं, कामधंदा गेला खड्ड्यात.

तर मंडळी, उठण्याआधी एक विनंती. तुमचं रडगाणं आजवर कुणी कुणी ऐकलं आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही उलट विचारलंत, याचा हिशेब ठेवा. दुकानातल्या हिशेबात खोट निघाली तर गिऱ्हाईक येऊन भांडतं. या हिशेबात भांडायला कुणीच येत नाही. म्हणून तेवढा खरा ठेवा.