धाकू मिस्त्रीचा खिळा

खाडीकाठच्या एका गावात एक कारखाना होता. तिथे मिठाच्या पाण्यात वीज सोडून साबणाचा सोडा करत, आणि त्यासाठी लांबलचक हौदांत पारा खेळवत. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. म्हणून फाटकाशी एक फळी होती, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाचा खिळा. अंगठी, साखळी खिळ्याला अडकवायची, मगच आत पाऊल टाकायचं. हा नियम धाकू मिस्त्रीने घालून दिला होता आणि त्याचा त्याला भारी तोरा! पाऱ्याच्या नुसत्या वाहण्यावरून हौदाचं दुखणं ओळखणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

एके दिवशी मालक रावजीशेठनी त्याला बोलावलं.

“मिस्त्री, पाऱ्याऐवजी पातळ पडदा लावून सोडा करायचं यंत्र निघालंय. खर्च मोठा आहे. पण पारा बाहेर जात असेल, तर करायलाच हवा. तुमच्या शब्दावर ठरवतो. सोमवारी सांगा.”

धाकूला वाटलं, पारा गेला, तर आपल्याला कोण विचारणार? वाटेतच त्याने उत्तर ठरवून टाकलं: शेठ, थेंबभरही बाहेर जात नाही.

रविवारी बायको सुगंधा त्याचे कारखान्याचे कपडे धूत होती. तिने हाक मारली, “अहो, इकडे या बघू. माझ्या अंगठीला हे काय झालं?”

पिवळीधमक अंगठी एका बाजूने पांढरी पडली होती.

“तुमच्या पँटच्या दुमडीत काहीतरी चकाकत होतं. मी बोटाने काढायला गेले, तर घरंगळून मोरीत गेलं.”

धाकूने ओळखलं, तो पाराच. सुगंधाने कारखान्याचं फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं. मोरीचं पाणी खाडीला जात होतं, आणि खाडीचे मासे रोज त्याच्याच नातवंडांच्या ताटात पडत होते. अरे देवा, इतकी वर्षं आपण सोनं खिळ्याला टांगून वाचवलं, आणि माणसं तेवढी आत सोडली!

सोमवारी त्याने ती अंगठी रावजीशेठपुढे ठेवली.

“शेठ, पारा माझ्या घरापर्यंत आलाय. मी तुमच्याशी खोटं बोलणार होतो. पडदा लावा.”

शेठनी अंगठीची पांढरी बाजू उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, “आणि तुमचं काय, मिस्त्री?”

“माझं काय! शिकवलंत तर शिकेन. नाहीतर घरी बसेन.”

कारखाना सहा महिने बंद राहिला. जाणत्या लोकांनी हौद रिकामे केले, सगळा पारा लोखंडी बाटल्यांत भरून बंद केला, खालची मातीसुद्धा खरवडून नेली. पंचावन्न वर्षांचा धाकू पोरांच्या शेजारी बसून नवं यंत्र शिकला. सुरुवातीला फार चुकला. पोरं हसली, तर तोही हसला.

कारखाना पुन्हा सुरू झाला त्या सकाळी फाटकाशी त्याचा हात सवयीने आपल्या बोटातल्या अंगठीकडे गेला. फळी काढून टाकली होती. भिंतीवर नुसती तिची खूण उरली होती. धाकूने अंगठी बोटात तशीच राहू दिली आणि आत गेला.

तात्पर्य: सोन्याआधी माणसाला जपावं, आणि त्यासाठी आपला तोरा सोडावा लागला तर खुशाल सोडावा.