आधी सावंतवाडी

एकदा एक वृद्ध शिक्षक कोल्हापुरात राहत होते. वय एक्याऐंशी, नाव कोडोलीकर सर. त्यांना एकच नाद होता आणि तो त्यांनी अर्धी हयात निष्ठेने जपला. मे महिन्यात एका दिवशी भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस प्रत्येक गावाचा वेगळा असतो, मिनिटही वेगळे असते. तो पुन्हा येतो तेव्हा आकाशात पावसाळी ढग असतात, म्हणून मे हुकला की वर्ष गेले. सर गावोगावच्या हौशी मंडळींना त्यांचा दिवस आणि वेळ पोस्टकार्डाने कळवीत. पुढे मंडळी वाढली आणि सरांचे हात थरथरू लागले. तेव्हा पत्त्यांची पेटी त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीच्या, सायरा मुजावरच्या हाती सोपवली.

सायरा संगणकाचे वर्ग घेत असे. पेटी उघडून ती मनातल्या मनात हसली. कार्डांच्या गठ्ठ्यांना ना अक्षरांचा क्रम, ना जिल्ह्यांचा. वेंगुर्ला वर, अकोला पार तळाशी. सरांनी वर्षानुवर्षे हा पसारा कसा सांभाळला, असे म्हणत तिने सगळ्यांचे ईमेल मागवले आणि यादी अकारविल्हे लावून टाकली. एकूण नावे भरली एकोणीसशे.

एका कंपनीच्या यंत्रावर तिने स्वस्तातली जागा भाड्याने घेतली आणि त्यावर पत्रे धाडणारे सॉफ्टवेअर बसवले. एप्रिलच्या एकोणतीस तारखेला तिने बटण दाबले. प्रत्येक नावापुढे ‘पाठवले’ अशी हिरवी खूण उमटली. ती निश्चिंत झाली, आणि तिथेच फसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवाडीहून परुळेकर बाईंचा फोन आला. त्यांचा दिवस होता तीन मे, मुले गोळा करायची होती, आणि पत्राचा पत्ता नव्हता. सायराने त्यांना वेळ फोनवरच सांगितली. पण त्या भागात आणखी साठेक जण होते, आणि ईमेल आणि टपालाचे पत्ते सोडून त्यांचे तिच्याकडे काहीच नव्हते, आणि टपाल तीन तारखेच्या आत पोहोचणार नव्हते. तिने पत्रे पुन्हा धाडली. तासाभराने पुन्हा, मग आणखी एकदा. दुपारी अकोल्याच्या एका गृहस्थांनी नम्रपणे विचारले की, एकच पत्र चार वेळा पाठवण्यामागे काही शास्त्रीय कारण आहे का.

तेव्हा कुठे तिने कंपनीचे नियम वाचले. त्या एका यंत्रात शेकडो संकेतस्थळांची बिऱ्हाडे होती. चाळीतल्यासारखी टाकी सामाईक, म्हणून प्रत्येकाला तासाला शंभरच पत्रे. त्यापुढची पत्रे यंत्र मुकाट्याने टाकून देई आणि बिचारे सॉफ्टवेअर त्यांच्यापुढेही हिरवी खूण करी. पत्रे दर खेपेला अकोल्यापासून सुरू होऊन अमरावतीशीच थांबली होती. इतक्यात कंपनीनेही तिचे पाठवणे दोन मेच्या सकाळपर्यंत बंद करून टाकले आणि बजावले की, पुन्हा मर्यादा मोडली तर खातेच जाईल.

एक मेला सकाळी ती यादीचा छापील कागद घेऊन सरांकडे गेली. सरांचे आयुष्यभराचे काम पहिल्याच वर्षी आपल्या हातून बुडाले, ही टोचणी तिला बसू देत नव्हती. तिने सगळे सांगितले, कंपनीला मनसोक्त नावे ठेवली. सरांनी फक्त विचारले, तासाला किती म्हणालीस? मग त्यांनी कात्री मागवली आणि ती सुबक यादी कापायला घेतली.

सायरा बघतच राहिली. एकेका गावाची पट्टी करून सर अंगणात मांडत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा ठेवत होते. सावंतवाडी दक्षिणेच्या भिंतीशी, कोल्हापूर तुळशीजवळ, अकोला फाटकापाशी, नागपूर पार फाटकाबाहेर. सरांचे वय झाले, असे तिच्या मनात येऊन गेले आणि तिचे डोळे भरून आले.

पट्ट्या संपल्यावर सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“ते गठ्ठे मी नावांनी बांधलेच नव्हते, बाळ. तारखांनी बांधले होते. सूर्य परवा सावंतवाडीत येतो आणि तिथून रोज वीस-तीस किलोमीटर उत्तरेला सरकतो. नागपूरला जायला त्याला चोवीस दिवस लागतात. एकोणीसशे माणसं, चोवीस दिवस. त्याला दिवसाला ऐंशीजणच गाठायचे असतात, आणि तुला तासाला शंभर मिळतायत. यंत्र ठीक आहे. सूर्याला नाही तेवढी घाई तुला झाली, एवढंच बिघडलंय.”

सायरा दक्षिणेच्या भिंतीशी गेली आणि तिथून पट्टी-पट्टी पुढे चालू लागली. आपण ज्यांना पसारा समजलो त्या गठ्ठ्यांतून एवढा मोठा प्रवासी चालत होता आणि आपल्याला तो दिसलाच नाही, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. फाटकाशी पोहोचेपर्यंत ती त्या दुबळ्या यंत्रावरचा राग विसरून गेली होती.

घरी येऊन तिने यादी सूर्याच्या वाटेने लावली. दोन मेला सकाळी पहिली ऐंशी पत्रे निघाली आणि एकही मागे पडले नाही. तीन मेला दुपारी कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडून उत्तरे येऊ लागली. एका आजोबांनी पाटावर उभ्या केलेल्या तांब्याचे छायाचित्र पाठवले होते. लख्ख उन्हात तांब्या उभा होता आणि त्याला सावली नव्हती.

सहा मे कोल्हापूरचा दिवस. बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी सर आणि सायरा तुळशीजवळ उभे होते. सरांची सावली आखडत आखडत त्यांच्या पायांखाली गेली. सरांनी विचारले, “आज पत्रं कुठवर गेली?”

“साताऱ्यापर्यंत, सर.”

“आणि सूर्य?”

सायराने आपल्या पायांकडे पाहिले. तिथे उजेडाखेरीज काही नव्हते.

“इथवर आलाय,” ती हळूच म्हणाली, आणि दोघेही बराच वेळ तिथून हलले नाहीत.