चव्हाट्याची विद्या

फार फार वर्षांपूर्वी, झाडंसुद्धा माणसांना नावानं हाका मारत तेव्हा, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात म्हातारा वैद्य राहत होता. सापाचं विष उतरवणारी मुळी साऱ्या मुलखात त्याला एकट्यालाच ठाऊक होती.

त्या घराण्याची रीत कडक. गुरूनं मरताना एकाच शिष्याच्या कानात औषध सांगायचं, तेही दार लावून. चारचौघांत बोललं, की औषधाचा गुण गेलाच! म्हाताऱ्याच्या गुरूनं मुळी सांगितली. तापाचा काढा सांगण्याआधीच त्याचा जीव गेला.

"मामंजी, मला तरी सांगा," सून म्हणाली. "तुमचे गुडघे गेलेत. उद्या डोंगर कोण चढणार?"

"अगं, अजून मेलो नाही मी!" म्हातारा खेकसला आणि शेजारच्या गावी निघून गेला.

परतताना भर दुपार झाली. लोक उतारे टाकून मागं न बघता पळतात, त्या चव्हाट्यावर एक रांग बसली होती. सगळे मेलेले वैद्य! ओठ भराभर हलत होते, आवाज नव्हता. ऊन रणरणत होतं, सावली एकाचीही नव्हती. टोकाला त्याचा गुरू. गुरूनं जरा सरकून हातानं शेजारची जमीन झाडली.

म्हातारा जागीच थिजला. तेवढ्यात गावकरी त्याला शोधत सुनेला उचलून घेऊन आले. रांग त्यांना दिसलीच नाही. शेतात तिला नाग डसला होता.

सांगावं तर गुण जाणार. न सांगावं तर सून.

"वैद्यबुवा, मूग गिळून काय बसलात? बोला की!" शेजारीण ओरडली.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि बोंब ठोकली, "काळ्या कड्याखाली! तांबड्या देठाची! मुळासकट उपटा!"

पोरं धावली. रांगेतल्या साऱ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

मुळी आली, वाटली, सुनेच्या घशात उतरली. मग सुनेनं तोंड वेडंवाकडं केलं. "मामंजी, किती हो कडू!"

म्हातारा ढसाढसा रडला.

तेव्हापासून त्या गावात ज्याला जे येतं, ते तो चव्हाट्यावर उभा राहून मोठ्यानं सांगतो. जो ऐकेल त्याची ती विद्या झाली, म्हणून तिचं नाव चव्हाट्याची विद्या. इतर गावं चव्हाट्यावर यायला भितात. तिथे तो आशीर्वाद मानतात.

तापाचा काढा मात्र कुणालाच सापडला नाही. तापानं माणसं अजून दगावतात, आणि भर दुपारी वारा नसताना त्या चव्हाट्यावर कुजबुज चालते. खोटं वाटत असेल तर जाऊन या. मी येणार नाही.

विद्या सांगितल्यानं विटत नाही. दडवली तर मात्र दडवणाऱ्याबरोबर सरणावर जाते.