चिंचेतला खिळा

लाकडं बैलगाडीतून वखारीत यायची, त्या काळची गोष्ट. भिकोबा मिस्त्रींच्या वखारीत एक पट्टा करवत होती. चाकांवर गरगर फिरणारा लांब पोलादी पट्टा, आणि त्याचा एक दात डावीकडे कललेला, तर शेजारचा उजवीकडे.

एकदा चिंचेचं खोड चिरताना आत खिळा निघाला. भूत खिळवून ठेवायला कुणीतरी ठोकलेला. त्यावर आपटून उजवे दात बोथटले. तेव्हापासून करवत रेघ सोडून डावीकडे पळू लागली. पाळण्याच्या फळ्या वाकड्या निघाल्या आणि चुलीत गेल्या.

"या बोथटांपायी आपण सगळेच भंगारात जाणार!" डाव्यांमधला एक तोंडाळ दात करवादायचा आणि आणखी त्वेषाने लाकडात घुसायचा. फळी आणखी वाकडी निघायची.

शेवटी मिस्त्रींनी धारेचा दगड घेतला आणि फिरत्या करवतीच्या डाव्या अंगाला अलगद टेकवला. ठिणग्या उडाल्या.

"अहो मिस्त्री, चुकताय!" तोंडाळ दात ओरडला. "बोथट ते आहेत. आम्ही तर धारदार!"

"म्हणूनच तुमची धार जरा उतरवतोय," मिस्त्री म्हणाले. "त्यांना आणखी घासलं तर ते उरायचेच नाहीत. आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबत नाही."

त्यानंतरची फळी रेघेवरून सरळ उतरली. करवत थांबली, भुसा खाली बसला. बऱ्याच वेळाने तोंडाळ दाताने शेजारच्या उजव्याला हळूच विचारलं, "तो खिळा फार लागला होता का रे?"