काळबा गवा आणि पळसाचं पान

रानात माणसांची पायवाटही पोचली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात रानात खोकल्याची साथ आली आणि जनावरं पटापट दगावू लागली. पाणी एकाच तळ्यात उरलं होतं. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, तळ्यावर येताना तोंडावर पळसाचं पान बांधायचं आणि एकेकानेच पान बाजूला करून पाणी प्यायचं.

काळबा गव्याला हे पटलं नाही. तो उघड्या तोंडानेच काठावर येऊन उभा राहिला. पाडसाला घेऊन आलेली सोनखुरी हरिणी त्याला पाहून लांबच थांबली.

"काळबादादा, पान बांधा ना," ती म्हणाली.

"मला काय झालंय? ज्याला खोकला आहे त्याने बांधावं."

"माझी बहीणही असंच म्हणायची. चांगली धडधाकट होती. हे तिचंच लेकरू आहे."

काळबाने पाडसाकडे पाहिलं, मग मागे पाळीसाठी थांबलेल्या जनावरांकडे पाहिलं. इतक्यांच्या देखत माघार घ्यायची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात तहानेलं पाडस सोनखुरीजवळून निसटलं आणि थेट काळबाच्या तोंडाखाली येऊन पाणी पिऊ लागलं. त्याच क्षणी काळबाचा घसा खवखवला. त्याने श्वास रोखला, मान फिरवली आणि तो झाडीत धावत सुटला. तिथे त्याला खोकल्याची जी उबळ आली, ती थांबेचना.

उबळ ओसरल्यावर त्याने वळून पाहिलं. सोनखुरी घाबरून पाडसाला मागे ओढत होती.

"पिऊ दे त्याला पोटभर," काळबा तिथूनच म्हणाला. "तुम्ही गेलात की मी येईन. पान बांधून येईन."